कुजलेलं, गुदमरलेलं आणि वाचलेलं: उत्तर नॉर्वेतल्या एका कुरणाची पाहणी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्स भागात, समुद्रापासून बऱ्याच आत असलेल्या एका दरीतले दूध उत्पादक शेतकरी. साठी ओलांडलेले, बोलणं मोजकं. "गवत थंडीने मेलं. येऊन बघ." एवढंच. इथे सगळेच एकमेकांना ‘तू’ म्हणतात, सल्लागारालाही आणि म्हाताऱ्यालाही. मराठीत लिहिताना मात्र माझ्याच्याने त्यांना ‘तो’ म्हणवत नाही.

मी या भागात चारापिकांची सल्लागार आहे. राहुरीला शिकत होते तेव्हा बुरशी म्हणजे बाजरीचा अरगट, उसाची काणी, द्राक्षावरचा केवडा. ढग आले, दमट हवा झाली की येणारी. शून्य अंशाला, मिट्ट काळोखात, अंगावर हातभर हिम घेऊन वाढणारी बुरशी मला इथे आल्यावर भेटली. पहिली दोन वर्षं मलाही ती ‘थंडीने मेलेलं गवत’ अशीच दिसत होती, म्हणून त्या शेतकऱ्यांना हसायचा मला काही अधिकार नव्हता.

आधी शब्दांचा खुलासा. आभाळातून पडतं तेही आपल्याकडे बर्फ आणि फ्रिजमध्ये गोठतं तेही बर्फ. या प्रकरणातला सगळा घोळ त्याच फरकात आहे. म्हणून इथे ‘हिम’ म्हणजे भुसभुशीत, हवा खेळती असलेलं, आणि ‘बर्फ’ म्हणजे पाणी गोठून झालेली काचेसारखी कडक लादी.

रस्त्यावरून दिसलं ते

शेत ३६ देकारांचं. एक देकार म्हणजे हजार चौरस मीटर, आपले जवळपास दहा गुंठे. तेव्हा हे साधारण नऊ एकर झालं. इथे शेत म्हणजे गवत. टिमथी नावाचं गवत मुख्य, जोडीला मेडो फेस्क्यू हे दुसरं गवत आणि थोडा लाल क्लोव्हर, म्हणजे द्विदल चारा. उन्हाळ्यात दोन कापण्या घ्यायच्या, मुरघासाचे गोल गठ्ठे पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवायचे आणि लांबलचक हिवाळा गोठ्यात त्यावर काढायचा. गवत गेलं की गाईंचा पुढचा हिवाळा गेला.

रस्त्यावरून पाहिलं तर शेत काही एकसारखं मेलेलं नव्हतं, आणि मला तिथेच शंका आली. थंडी काय, सगळ्या शेतावर सारखी पडते. इथे तर मधला उंचवटा हिरवागार होता. वाऱ्याने जिथलं हिम उडवून नेलं होतं, जिथे गवत हिवाळाभर जवळजवळ उघडं पडलं होतं, नेमकं तिथलंच जिवंत. उलट पूर्वेकडच्या कुंपणाला, जिथे वारा हिमाचे ढीग रचतो, तिथे करड्या रंगाचा पट्टा; त्याच्या कडेला अजून मळकं हिम शिल्लक होतं. खालच्या सखल भागात एक मोठा पिवळट डाग, कडा अशा रेखीव की कुणी तळं आखलं असावं. आणि पश्चिमेला बर्चच्या झाडांच्या सावलीत फिकट, किंचित गुलाबी छटेचे ताटाएवढे गोल.

त्यांना म्हटलं, "थंडीने मेलं असतं तर तो उंचवटा आधी मेला असता." ते काही बोलले नाहीत. नॉर्वेत याचा अर्थ ‘पटलं’ असाही होतो आणि ‘पटलं नाही’ असाही.

फेब्रुवारीत पारा उणे २८ पर्यंत उतरला होता, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण तो हवेतला पारा. भुसभुशीत हिमाचा ४० सेंमीचा थर म्हणजे गोधडीच. जमीन गोठायच्या आधी ही गोधडी पडली तर खाली हिवाळाभर शून्याच्या आसपासच राहतं. चांगलं काटक झालेलं टिमथी उणे २० आणि त्याहूनही खालचं तापमान सोसतं. उंचवट्यावरच्या गवताने ते सोसलंही. गोधडीखालच्या गवताला थंडी लागलीच नाही, आणि त्याचा घात तिथेच झाला.

गुडघे टेकून पाहिलं ते

पूर्वेच्या पट्ट्यात बसले. पानं ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी एकमेकांना चिकटून जमिनीला लिंपली होती. बोटाने उचलली तर पापुद्रा निघावा तशी निघाली. पापुद्रा उलटा करून उन्हाकडे धरला, आणि पानांच्या देठांवर, खोडाजवळच्या आवरणात काळपट तपकिरी दाणे दिसले. मोहरीहूनही बारीक, मिलिमीटरभराचे. भुईमुगाच्या खोडकुजीत बुडख्याशी मोहरीसारखे दाणे दिसतात हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हे त्याच जातकुळीचं सोंग, फक्त देश वेगळा. बुरशीच्या तंतूंनी स्वतःला गुंडाळून केलेल्या या टणक गाठी. उन्हाळा त्या झोपून काढतात.

दाणे एवढे बारीक आणि गडद म्हणजे टायफुला इशिकारिएन्सिस. तांबूस आणि थोडे मोठे असते तर तिची बहीण टायफुला इन्कार्नाटा. काळे, वेडेवाकडे, तांदळाच्या दाण्याएवढे असते तर स्क्लेरोटिनिया बोरिॲलिस, जी गोठलेल्या जमिनीवरच्या, थंड आणि स्थिर हिवाळ्यांत जास्त दिसते. नॉर्वेजियन लोक टायफुलाला ‘ट्रोडक्योले’ म्हणतात, म्हणजे दोऱ्याएवढी गदा. हे नाव का पडलं ते ऑक्टोबरमध्ये कळतं, त्याकडे नंतर येऊ.

खरी परीक्षा पानांची नाही, बुडख्याची. टिमथीच्या बुडाशी लहान कांद्यासारखी गाठ असते. हिवाळ्याची शिदोरी तिथे. ती नखाने दाबायची. कडक आणि आत पांढरी असेल तर जीव आहे. पूर्वेच्या पट्ट्यात मी दहा ठिकाणी वीतभर चौकोन आखून मोजलं. बहुतेक गाठी तपकिरी, दाबल्या की पाणी सुटणाऱ्या. फुटव्याचे पांढरे कोंब क्वचित कुठे.

सखल भागातली तऱ्हाच निराळी. इथे दाणे नाहीत, तंतू नाहीत, चिकटलेला लगदाही नाही. गवत दिसायला चांगलं वाळल्यासारखं, पण मूठभर धरून ओढलं की मुळांशिवाय हातात येतं. आणि वास. जमिनीत सुरी खुपसून ढेकूळ उचललं तेव्हा बिघडलेल्या मुरघासासारखा आंबूस, कुबट भपकारा आला. खवट झालेल्या लोण्याचा वास ज्याने घेतला असेल त्याला तो लगेच ओळखू येईल. दोन्हींत ब्युटिरिक आम्ल असतं.

हे काम बुरशीचं नव्हे. जानेवारीत चार दिवस हवा उबदार झाली होती, हिमावर पाऊस पडला होता. ते पाणी सखल भागात उतरून साचलं आणि पुन्हा थंडी पडल्यावर जमिनीला चिकटलेली लादी झाली. हिमातून हवा जाते, बर्फातून जात नाही. गवत झोपलेलं असलं तरी श्वास घेत असतं. लादीखाली प्राणवायू संपला की ते प्राणवायूवाचून जगायचा खटाटोप करतं. कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल, आम्लं साठत जातात आणि शेवटी त्यातच ते मरतं. नॉर्वेजियनमध्ये या नुकसानीला ‘ईसब्रान’ म्हणतात, शब्दशः बर्फाने जळणं. आपण कडाक्याच्या थंडीने भाजी ‘करपली’ म्हणतो, तोच विचार. प्रत्यक्षात मात्र हे जळणं नाही, गुदमरणं आहे. राई घास यात सर्वांत आधी जाते, टिमथी त्या मानाने बरीच तग धरते. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत लादी हलली नाही, तेव्हा टिमथीचाही इलाज चालला नाही. (हाच हिमावरचा पाऊस रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्याही मुळावर येतो: जनावरांना खालचं खाद्य खुरांनी उकरता येत नाही.)

डागाच्या कडा रेखीव का, तेही यातून उलगडतं. बुरशी विरत विरत जाते. पाणी मात्र समपातळीवर थांबतं, आणि जिथपर्यंत पाणी तिथपर्यंतच मरण.

बर्चच्या सावलीतल्या गुलाबी गोलांबद्दल मी चुकले, ते सांगून टाकते. तिथली बुरशी ओळखायला बरोबर होती: मायक्रोडोकियम निव्हाले, हिमबुरशी. हिला ते टणक दाणे होत नाहीत; हिम गेल्यावर उजेड लागला की तंतूंवर गुलाबी छटा येते. पानं पार सडलेली पाहून मी ती जागाही ‘मृत’ म्हणून कागदावर लिहून मोकळी झाले. बुडखे नीट तपासले नाहीत. उशीर झाला होता, हात गारठले होते. कारणं काय, नेहमीचीच.

खिडकीतले डबे

घाई नको म्हणून प्रत्येक भागातून कुदळीने फूटभर लांबी-रुंदीचे गवताचे थर काढले, मातीसकट, आणि त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत प्लास्टिकच्या उथळ डब्यांत ठेवले. वर पूर्व, खळगा, बर्च, उंचवटा अशा चिठ्ठ्या. पाणी बेताचं. बाहेर रात्री अजून शून्याला टेकत होतं. खिडकीत वीस अंश. शेतात जे कळायला तीन-चार आठवडे लागतील ते इथे दोन आठवड्यांत कळतं. उपाय खेडवळ आहे, पण माझ्या मते कुठल्याही यंत्रापेक्षा पटवून देणारा, कारण शेतकरी रोज सकाळी कॉफी पिताना तो बघतो.

चौथ्या दिवशी उंचवट्याचा डबा हिरवा. आठव्या दिवशी त्यांचा फोन: "बर्चवाला उठतोय." आणि खरंच, सडक्या पानांच्या मधून जाड पांढरट कोंब वर आले होते. मायक्रोडोकियमने पानं खाल्ली होती, गाठी नाही. मी तो भाग कागदावरून खोडला. पूर्वेच्या डब्यात दोन आठवड्यांनी तुरळक फुटवे आले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खळग्याच्या डब्यात टिमथीचा एकही कोंब नाही. फक्त जमिनीखालच्या धावत्या खोडांतून, लॉनवाले ज्याला केंटकी ब्लूग्रास म्हणतात त्या गवताची दोन-तीन पाती निघाली.

मागच्या सप्टेंबरकडे

गवत मे महिन्यात मेलेलं दिसतं. पण त्याचं काय होणार हे बरंचसं आदल्या शरदात ठरलेलं असतं. म्हणून दुसऱ्या भेटीत मी शेतात गेलेच नाही. टेबलाशी बसून त्यांची टिपणवही पाहिली.

बियाणं: दोन वर्षांपूर्वी पेरलेलं टिमथी ‘ग्रिंडस्टाड’ होतं. हे दक्षिण नॉर्वेतलं वाण. कापणीनंतर झपाट्याने फुटतं, दुसरी कापणी घसघशीत देतं. उत्तरेची ‘एंग्मो’ किंवा ‘नोरेंग’ ही वाणं शरद लागताच वाढ आवरती घेतात. शेतकऱ्याला तो आळस वाटतो. दिवस लहान होत चालल्याचा इशारा मानून ही वाणं पानांऐवजी बुडख्यात साठवण करतात. ६९ अक्षांशावर सप्टेंबरमध्ये दिवस इतक्या वेगाने आखडतो की आठवड्याचा फरक डोळ्यांना जाणवतो, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजावर यायचाच थांबतो. तोवर जेवढी शिदोरी बांधली तेवढीच.

कापणी: ऑगस्टच्या अखेरीला व्हायची दुसरी कापणी पावसामुळे लांबत लांबत सप्टेंबरच्या मध्यावर गेली. कापलेलं गवत पुन्हा फुटायला निघालं. फुटायला शिदोरी खर्च झाली, आणि ती भरून काढायला ऊन उरलं नव्हतं. एक कापणी अगदी ऑक्टोबरच्या तोंडावर, वाढ थांबल्यावर झाली असती तर एक वेळ कमी नुकसान झालं असतं. मधली वेळ सर्वांत वाईट. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. "पावसाला सांग," म्हणाले.

आणि हिम: ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, जमीन गोठायच्या आधीच पडलं आणि राहिलं. टायफुलाला याहून चांगला पाहुणचार नाही. खाली शून्य अंश, ओल, काळोख, आणि वर दुसऱ्या कुठल्या बुरशीची स्पर्धा नाही. ही बुरशी आपल्या तंतूंबाहेर बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनं सोडते, त्यामुळे शून्याखालीही तिचं चालू राहतं. अशक्त गवत साठा पुरवून पुरवून जगत असतं. बुरशी तोच साठा खाते. जितके दिवस हिम जास्त तितकी ही ओढाताण लांबते. उंचवट्यावर ते थोडेच दिवस होतं. कुंपणापाशी जवळजवळ सात महिने.

हे काही नवं ज्ञान नाही. नॉर्वेजियन संशोधक कोरे ओर्सव्होल यांनी १९६८ ते १९७१ या हिवाळ्यांत नॉर्वेभरच्या कुरणांचं नुकसान पाहून कुठे कोणती बुरशी आणि कुठे बर्फ हे मांडून ठेवलं आहे. टायफुला इशिकारिएन्सिसचं नावच मुळी जपानचं: होक्काइदोतल्या इशिकारीवरून, इमाई यांनी १९३० मध्ये दिलेलं. त्याच होक्काइदोच्या पूर्वेला, जिथे हिम कमी आणि जमीन खोल गोठते, १९७५ मध्ये स्क्लेरोटिनिया बोरिॲलिसने ऑर्चर्ड घासाची कुरणं झोपवली होती. पुढे तिथल्या तोकाची भागात हिमाची गोधडी आधी पडू लागली, जमीन पूर्वीसारखी खोल गोठेना. मग वेगळीच पंचाईत झाली: काढणीत राहून गेलेले बटाटे हिवाळ्यात मरेनात आणि पुढच्या पिकात तण म्हणून उगवू लागले. तिथले शेतकरी आता भर हिवाळ्यात ट्रॅक्टरने हिम बाजूला सारून जमीन मुद्दाम गोठवतात. मी ही गोष्ट टेबलावर सांगितली तेव्हा ते कॉफी ओतायचे थांबले. गोधडी काढून थंडी आत घ्यायची, ही कल्पना त्यांना माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त पटली असावी.

काय केलं

त्यांचा पहिला विचार सगळं शेत नांगरून टाकायचा होता. मी अडवलं. उंचवटा आणि बर्चचा भाग मिळून अर्ध्याहून जास्त शेत उभं होतं; ते उलटवलं असतं तर त्या उन्हाळ्याचा चाराही गेला असता.

पूर्वेच्या पट्ट्यात आधी तो कुजका पापुद्रा काट्यांच्या फणीने फाडून ऊन आत घातलं, मग वाफसा येताच थेट पेरणीयंत्राने नांग्या भरल्या. बियाणं ‘नोरेंग’. बुरशीनाशकाचं त्यांनी विचारलं होतं. गॉल्फच्या हिरवळीवर लोक शरदात फवारतात. ३६ देकार चाऱ्यावर, एका न दिसणाऱ्या शत्रूसाठी, हिम कधी पडेल याचा अंदाज घेत फवारणं मला ना परवडणारं वाटलं ना योग्य.

खळग्यात मात्र त्यांनी माझ्या आधीच हात मारला होता. मेच्या शेवटी, मी येण्याची वाट न बघता, बी फेकून रूळ फिरवला. थांबा असं मी म्हटलं होतं, पण फोनवर, आणि पुरेसं ठासून नाही. बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि पिवळं पडून बसलं. लादीखाली मेलेल्या गवताच्या कुजण्यातून मातीत जी आम्लं आणि इतर द्रव्यं उरतात ती कोवळ्या रोपांना मारक असतात, हे उत्तरेकडच्या संशोधनात तपासलेलं आहे. ती हळूहळू विरतात, पण माती हलवून, हवा देऊन. जूनच्या मध्यात तेवढाच भाग नांगरला, आठ-दहा दिवस उघडा ठेवला, वास गेल्याची खात्री सुरीच्या टोकाने करून घेतली आणि मग पुन्हा पेरलं. बियाण्याचे पैसे दोनदा गेले.

नांगरलाच आहे तर म्हणून खळग्याची मधली रेघ थोडी उचलून माती दोन्हीकडे उतरती केली आणि खालच्या बांधाला एक उथळ चर फोडला. पाण्याला वाट मिळाली की लादी बसायला जागा उरत नाही. एरवीचा उपाय म्हणजे मार्चअखेरीस ऊन चढू लागलं की बर्फावर राख किंवा काळी वाळू पसरायची. काळा रंग ऊन पितो आणि लादी लवकर सुटते. शेजारचे एक जण करतात. चुलीची राख मात्र आता कुणाकडे फारशी उरलेली नाही.

त्या वर्षी दुसरी कापणी २६ ऑगस्टला झाली. पावसाच्या दोन सरींमध्ये, घाईघाईत, थोडं ओलंच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांना पूर्वेच्या कुंपणापाशी घेऊन गेले आणि खाली वाकायला सांगितलं. गवताच्या बुडाशी, जुन्या कुजक्या पानांवर, काडीपेटीच्या गुलाएवढ्या फिकट तपकिरी गदा उभ्या होत्या, दोऱ्यासारख्या देठांवर. मे महिन्यातल्या त्या दाण्यांना गारवा आणि ओल मिळून कोंब फुटले होते. त्यांनी एक बोटावर घेतली, चष्मा वर करून बघितली. चाळीस वर्षं या शेतात फिरतोय, म्हणाले, ही कधी दिसली नव्हती. मग जरा वेळाने, "या सगळ्या बिया आहेत म्हण की."

पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेले. जानेवारीत पाऊस झालाच होता, पण खळग्यातलं पाणी चरातून निघून गेलं होतं; तिथली टिमथी विरळ, पण उभी. पूर्वेच्या पट्ट्यात पापुद्रा होता आणि पापुद्र्याखाली काळे दाणेही होते, मागच्याइतकेच. नखाने गाठी दाबत गेले. दहापैकी सात ठिकाणी कडक, पांढऱ्या. उरलेल्या तीन जागी मी खुंट्या रोवल्या, आणि ते नांग्यांसाठी बियाण्याची पिशवी आणायला गोठ्याकडे गेले.